ओठ न मिटता

कडबनवाडीच्या माळावर चालताना एक मेंढपाळ ओरडला, "मालक, पाय जपून! अंडी हायती." मी जागच्या जागी थांबलो. समोर नुसते खडे. डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांतानं कलकलत होती. त्यानं काठीचं टोक नेलं तेव्हा कुठे चार खड्यांची चार अंडी झाली. मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. क्षणभर नजर काढली आणि पुन्हा ती खडेच.

इंदापूरच्या माळावर झाडोरा कमी, म्हणून लपायचं ते मातीसारखं होऊनच. पावशाचं सोंग याच्या उलट. तो दिसतो शिक्र्यासारखा. शिकारी आला म्हणून सातभाई बिचकतात आणि याच्या मादीला त्यांच्या घरट्यात अंडं टाकायला फावतं, असं म्हणतात. आपणही त्याच्या हाकेत 'पेर्ते व्हा' ऐकतो. तो तसं काही म्हणत नाही. कान आपले, आणि पावसाची गरजही आपली.

मोरगावच्या मयूरेश्वराचं देऊळ लांबून पाहावं. चार कोपऱ्यांना चार मिनार! चालून आलेल्या फौजेला मशीद वाटावी म्हणून ते तसे बांधले, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं मयूरेश्वर जाणे. टिटवीची अंडी पाहिल्यापासून माझा त्या आख्यायिकेवर विश्वास बसतो.

आणि बारामतीचे मोरोपंत (१७२९-१७९४)! जन्म पन्हाळ्याचा, पण नाव जोडलं गेलं ते कऱ्हाकाठच्या बारामतीशी. स्वतःला 'मयूर' म्हणवणाऱ्या या कवीनं देवाला घातलेली साद म्हणजे 'केकावली', मोराच्या केकांची माळ. आवाजाला आवाज जुळवण्याचा, यमकाचा, त्यांना भारी सोस. खरं सांगतो, वीसेक आर्यांनंतर मी दमतो. पण एकच रामकथा त्यांनी एकशे आठ वेषांत उभी केली म्हणतात, त्यातलं निरोष्ठ रामायण मला त्या माळावर आठवलं. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं त्यात वर्ज्य. म्हणजे कवीला 'मयूर' म्हणून आपली खूणही ठेवता येत नाही, आणि ज्याची कथा त्याचं नावही घेता येत नाही. राम सगळीकडे आहे, फक्त खड्यांत अंडं असावं तसा.

खोटं वाटत असेल तर ओठ न मिटता एकदा 'राम' म्हणून पाहा.