आकड्याचं गाव

अमेरिकेहून आल्यावर आमच्या महिला मंडळात पहिला प्रश्न आला, "मग, तिकडं जेवणाचं काय केलात?" दुसरा, "नायगारा बघितलात काय?" नायगारा काही बघितला नाही. मुलगा राहतो पश्चिम किनाऱ्याकडे, आणि सुनेनं सहल आखली होती ती लास व्हेगास आणि तिथून पुढे वाळवंटातल्या दऱ्यांची. जाताना एक रात्र व्हेगास, येताना एक रात्र, मध्ये चार दिवस युटा राज्यातल्या झायन आणि ब्राइस कॅन्यनमध्ये पायपीट. "आईंना थोडं दिव्यांचं दाखवू, थोडं दगडांचं," असं ती म्हणाली होती. जेवणाचं उत्तर सोपं आहे. दशम्या, बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भडंग. एवढं पिशवीत असलं की बाई कुठंही जाऊन येते.

व्हेगासला विमानातून उतरलो तर सामान हातात यायच्या आधी जुगाराची यंत्रंच पुढ्यात आली. विमानतळावरच! लोक विमानाची वाट बघत यंत्रापुढं बसलेले. मी नातीचा हात घट्ट धरला. ती आठ वर्षांची, तिला काय, रंगीत दिवे दिसले की झालं.

मी दिवस मावळल्यावर जेवत नाही. ऑक्टोबरात तिथं सहाच्या सुमारास सूर्य जातो, म्हणून मी सारखी वर बघत होते. पण एका हॉटेलात आत कालवा, कालव्यात नावा, आणि छतावर निळं आभाळ रंगवलेलं. त्या आभाळात कधीच अंधार पडत नाही. जुगाराच्या दालनात तर खिडकीही नाही, भिंतीवर घड्याळही नाही. शेवटी बाहेर फुटपाथवर येऊन, खरा सूर्य बघून, उभ्याउभ्याच दशमी खाल्ली.

रात्री सगळे त्या दालनातून चाललो होतो. एकवीस वर्षांच्या आतल्यांना यंत्राजवळ थांबता येत नाही, म्हणून सून नातीला घेऊन वाटेवरच उभी राहिली. तिनं पर्समधून वीस डॉलरची नोट काढून मुलाच्या हातात दिली. "एवढेच हं." मला त्याचं हसू आलं. वाटलं, बघा, आजकालच्या सुना, नवऱ्याला खाऊला पैसे देतात.

मी त्याच्या मागे उभी होते. नोट आत गेली, चित्रं फिरू लागली. तो जरासा पुढे वाकला, हनुवटी पुढे काढली आणि श्वास धरला.

माझे आण्णा असेच वाकायचे. निपाणीच्या आमच्या जुन्या घरात, सोप्यात, ओपनचा आकडा यायच्या वेळेला.

"ऊठ," मी म्हणाले. आवाज मोठाच लागला असणार, शेजारच्या बाईनं वळून बघितलं. "ऊठ म्हणते ना."

"आई, वीस डॉलर आहेत गं. इथं पिझ्झा याहून महाग मिळतो."

"ऊठ."

तो उठला, पण सुनेसमोर आणि मुलीसमोर मी असं बोलले हे त्याला लागलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. आमची खिडकी उंचावर होती. दूर एका पिरॅमिडच्या आकाराच्या हॉटेलातून प्रकाशाचा एक झोत सरळ आभाळात जात होता, आणि त्यात पांढरं काहीतरी भुरभुरत होतं. पतंग. हजारोंनी. त्यांना खायला वटवाघळं येतात म्हणे. रात्री का जेवू नये, तर दिव्यावर जीव येऊन पडतात, हे लहानपणी आजीनं सांगितलं होतं. एवढा मोठा दिवा तिनं बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अडीच-तीन तासांचा प्रवास. गाडीत फक्त नातीची गाणी. वाटेत थोडा वेळ अ‍ॅरिझोना लागतं, व्हर्जिन नदीच्या खिंडीतून रस्ता जातो, मग युटा. सीमा ओलांडली तसं फोनमधलं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा सून माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "आई, या राज्यात जुगाराला पूर्ण बंदी आहे. लॉटरीचं तिकीटसुद्धा मिळत नाही." नेवाडानं १९३१ साली जुगार कायदेशीर केला, आणि हे शेजारचं राज्य असं. तिनं हे मला का सांगितलं, ते तेव्हा कळलं नाही.

झायनमध्ये आपली गाडी दरीत नेता येत नाही, पार्कच्या बसनं जायचं. शेवटच्या थांब्यापासून नदीकाठानं मैलभराची पक्की वाट आहे. माझ्या गुडघ्याला झेपेल अशी ती एकच. दोन्हीकडे लाल भिंती, मान मोडेपर्यंत वर बघायचं. पुढे दरी इतकी अरुंद होते की लोक काठ्या घेऊन नदीच्या पाण्यातूनच चालत जातात. सून आणि नात तिकडं पळाल्या. मुलगा माझ्या चालीनं चालत मागे राहिला. एका ठिकाणी कोरड्या कातळातून पाणी झिरपत होतं, आणि त्या ओलीवर नेच्याची झाडं लटकली होती, अगदी आमच्या विहिरीच्या आतल्या बाजूला असायची तशी. वर पडलेला पाऊस त्या वाळूच्या दगडातून थेंबाथेंबानं खाली उतरतो, खालच्या घट्ट थराला अडला की आडवा बाहेर येतो. इथल्या एका झऱ्याचं पाणी असं उतरायला हजाराहून जास्त वर्षं घेतं.

मी तिथं बसले आणि त्याला आण्णांचं सांगितलं.

त्याला आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो. अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, रोज देवदर्शन, रात्री पाणीसुद्धा नाही. ते खोटं नव्हतंच. पण सप्तव्यसनांत पहिला जुगार, हे प्रवचनात ऐकून मान डोलावणारे आण्णा संध्याकाळी चिठ्ठी लावायला माणूस पाठवायचे. मटका मूळचा अमेरिकेच्याच जिवावर उभा राहिलेला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ते १९६१ च्या सुमारास थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, नंतर पत्ते. ओपन आणि क्लोज हे शब्द तेवढे राहिले. त्या शब्दांनी आमचं विहिरीकडचं तंबाखूचं रान गेलं. आईच्या पाटल्या गेल्या. मी १९७४ साली एसएसएलसी पास झाले, बेळगावला कॉलेजला जायचं ठरलेलं, त्या जूनमध्ये फी भरायला पैसे नव्हते. पुढच्या वर्षी लग्न. लग्नात माझ्या हातातल्या पाटल्या सोन्याच्या नव्हत्या. हे तुझ्या बाबांनाही शेवटपर्यंत मी सांगितलं नाही.

तो बराच वेळ पाण्याकडं बघत होता. मग विचारलं, "आजोबांनी सोडलं कधी?"

"सोडलं नाही. पैसे संपले."

तो हसला नाही. म्हणाला, "आई, कोविडात घरी बसून होतो ना, तेव्हा फोनवर शेअर्सचे ऑप्शन्स घेत होतो. रात्री झोपायचो नाही. अकरा हजार डॉलर गेले. हिला कळलं तेव्हा हिनं फोनवरचं सगळं काढून टाकलं. आता पैसे हिच्याकडेच असतात."

म्हणजे ती वीसची नोट. मी हसले होते त्या नोटेला.

काय बोलावं सुचेना. त्याची पाठ थोपटली, तेवढंच. मग नात भिजलेले बूट घेऊन पळत आली आणि तो विषय तिथंच राहिला.

ब्राइसबद्दल सगळे खूप लिहितात, मी थोडंच लिहीन. आठ हजार फुटांवर कडाक्याची थंडी, आणि खाली हजारो तांबडे दगडी सुळके, यात्रेत दाटीनं उभ्या राहिलेल्या माणसांसारखे. तिथले मूळचे पायूट लोक म्हणतात, ही माणसंच होती, वाईट वागली म्हणून कोल्ह्यानं त्यांचे दगड केले. नातीनं त्यात मला शोधून दाखवलं. गुडघा वाकडा असलेली ती मी.

परत येताना व्हेगासची दुसरी रात्र. सुनेनं साडेपाचला जेवायचं ठरवलं, सगळ्यांनीच. मुलगाही जेवला. मग कारंजी बघितली, फार छान होती, खोटं कशाला बोलू.

सकाळी विमानतळावर नात एका रिकाम्या यंत्रापुढच्या खुर्चीवर चढली आणि बटणाकडं हात नेला. "नको!" मी आणि सून एकदमच ओरडलो. मुलगा पुढे कॉफी आणायला गेला होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग तिनं तिला खाली उतरवलं, माझ्या पिशवीतली शेवटची दशमी काढली, आणि तिघींत वाटली.