पुढच्या पिढीसाठी सोडलेली जागा

मोबाइल टॉवरखालच्या पेटीतल्या चिपबद्दल माहितीपत्रकात एक शब्द हटकून असतो: ‘अपग्रेडेबल’. आज पेटी घ्या, उद्या सॉफ्टवेअर पाठवू, पुढची पिढी सुरू. माझं काम बेसबँडच्या डिझाइनचं, म्हणजे अँटेनाकडून आलेल्या गोंधळातून बिट वेचून काढणाऱ्या भागाचं. माहितीपत्रकातलं आश्वासन खोटं नसतं. पण ते पाळायचं, तर त्याचे पैसे पहिल्याच दिवशी मोजलेले असावे लागतात.

याची खरी कसोटी लागली ती वायमॅक्स या बिनतारी इंटरनेटच्या तंत्राच्या काळात. त्याचं ८०२.१६ हे २००४चं मानक मुख्यतः घरावर, कचेरीवर पक्क्या बसवलेल्या अँटेनांसाठी होतं. डिसेंबर २००५मध्ये फिरत्या ग्राहकांसाठी ‘ई’ आवृत्ती मंजूर झाली आणि तिचं जुन्या यंत्रांशी जमत नव्हतं. आधी २५६ वाहक लहरींचा सिग्नल होता. नव्यात १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०२४ आल्या. त्रुटी दुरुस्त करायला टर्बो कोड आला. त्याचा डीकोडर त्याच माहितीवरून पुन्हा पुन्हा फिरतो, म्हणून गणित कितीतरी वाढतं. ज्यांनी जुनं मानक थेट सिलिकॉनमध्ये कोरून ठेवलं होतं, त्यांच्या चिपा एका सहीनिशी जुन्या झाल्या.

इंग्लंडमधल्या बाथ शहरातली पिकोचिप ही कंपनी नेमकी हीच भीती ओळखून होती. एका चिपवर तीनशेहून अधिक छोटे प्रोसेसर, प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलेलं. मानक बदललं की कामांची वाटणी बदलायची. दुसरा रस्ता एफपीजीएचा, म्हणजे बसवल्यावरही आतली जोडणी नव्याने आखता येते अशा चिपचा. साध्या एफपीजीएत डोकावलं तर ठरावीक गेटांऐवजी छोटी कोष्टकं दिसतात: चार इनपुट आणि सोळा बिटांची मेमरी. चारही इनपुट १ असतील तेव्हाच १ हवा असेल, तर सोळांपैकी एक बिट १ ठेवायचा, उरलेले पंधरा शून्य. उद्या दुसरं काम हवं, तर तेच सोळा बिट नव्याने भरायचे. सोय मोठी आहे, पण एवढ्याशा कामाला सोळा खाने लागतात आणि त्याहून जास्त जागा खातं ते खान्यांना जोडणारं तारा-स्विचांचं जाळं. म्हणून तेच काम करणाऱ्या पक्क्या चिपपेक्षा एफपीजीए महागही पडतो आणि वीजही जास्त पितो.

हा फरक किती बोचतो ते नोकियाने अनुभवलं. फाइव्हजीच्या पहिल्या यंत्रांत तिची भिस्त एफपीजीएवर होती. यंत्रांचा खर्च वाढला, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये कंपनीने नफ्याचा अंदाज खाली आणला, लाभांशही थांबवला. मग ‘रीफशार्क’ या स्वतःच्या चिपांकडे वळण्याचा वेग वाढवावा लागला.

बदलता येणं म्हणजे नुसतं कोष्टक बदलणं नव्हे, हे वायमॅक्सवरून एलटीईवर, म्हणजे फोरजीवर, येताना कळतं. पट्टा तोच १० मेगाहर्ट्झ, गणित तेच १०२४ बिंदूंचं. पण वायमॅक्समध्ये नमुने सेकंदाला १ कोटी १२ लाख घेतात आणि एलटीईत १ कोटी ५३ लाख ६० हजार. बोर्डावरचं घड्याळ दोन्ही ठोके देऊ शकलं तर ठीक. नाहीतर चिपमध्ये नमुन्यांचा दर बदलणारा वेगळा भाग घालावा लागतो आणि त्याला मोकळी जागा हवी. वर एलटीईत फोनने पाठवलेला तुकडा नीट पोचला की नाही, हे चार मिलिसेकंदांनी सांगावंच लागतं. तुकडा यायलाच एक मिलिसेकंद जातो. उरलेल्या तिनांत डीकोडिंग उरकायचं. चिप आधीच नव्वद टक्के भरलेली असेल, तर नवं डिझाइन त्या वेळेत बसवताना आमच्या रात्री जातात.

खेड्यात गच्चीच्या स्लॅबवर लोखंडी सळ्या मोकळ्या सोडलेल्या दिसतात. पुढेमागे मजला चढवायचा असतो. पण त्या सळ्यांना अर्थ येतो तो पाया आधीच दुमजली भरलेला असेल तर.

नवं डिझाइन पाठवण्याचीही एक शिस्त आहे. डोंगरावरच्या टॉवरवर चिप बंद पडली तर रात्री माणूस धाडावा लागतो. म्हणून फ्लॅश मेमरीत दोन प्रती असतात. एक कारखान्यात तपासलेली, तिला कुणी हात लावत नाही. दुसरी दूरवरून लिहिता येणारी. नवी प्रत उठली नाही, ठरावीक वेळात ‘मी जिवंत आहे’ असा इशारा आला नाही, तर वॉचडॉग हा पहाऱ्यावरचा टायमर जुनीच प्रत पुन्हा चालू करतो. म्हणजे मेमरीही दुप्पट हवी, तीही पहिल्या दिवसापासून.

हे आज आठवायचं कारण घरचंच आहे. सप्टेंबर २०२५मध्ये ओडिशातल्या झारसुगुडा इथे बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजी जाळ्याचं उद्घाटन झालं: सी-डॉट, तेजस नेटवर्क्स आणि टीसीएस यांचं काम, टॉवर ९७ हजारांहून अधिक. हे जाळं सॉफ्टवेअरने फाइव्हजीवर नेता येईल, असं सांगितलं जातं. ते शक्य आहे. मात्र फाइव्हजीत टर्बोच्या जागी एलडीपीसी कोड येतो, त्याला बेसबँडमध्ये जागा राखलेली हवी. आणि रेडिओचे फिल्टर, ॲम्प्लिफायर हे ठरावीक पट्ट्यासाठीच घडवलेले असतात. २१०० मेगाहर्ट्झसाठी घडवलेला रेडिओ कुठल्याही सॉफ्टवेअरने ३३०० वर बोलणार नाही. तेव्हा जुन्या रेडिओवर फाइव्हजी येईल ते जुन्याच पट्ट्याच्या रुंदीत. जास्त वेगासाठी वर नवा रेडिओ चढवावाच लागेल.

म्हणून खरेदी करणाऱ्याने ‘अपग्रेड होतं का?’ हे विचारून थांबू नये. चिप आज किती टक्के भरली आहे, घड्याळ कोणकोणते ठोके देतं आणि रेडिओ कोणत्या पट्ट्यांचा आहे, हे लेखी मागावं. आपल्याकडे निविदा बहुधा एल-वनला, म्हणजे सर्वांत स्वस्त देणाऱ्याला जाते, आणि किंमत कापायला बसलं की पहिला हात या मोकळ्या जागेवरच पडतो. निविदेत जिचे गुण नाहीत, ती जागा कुठलाही विक्रेता फुकट सोडणार नाही. मीही सोडणार नाही.