गन निवडताना

“माझी गन कुठंय?” कामाच्या पहिल्याच दिवशी एका धिप्पाड गड्याने गोदामात आरोळी ठोकली आणि माझी पाचावर धारण बसली. अमेरिका, त्यात गन! मागून कळलं, इकडे गोदामातले लोक बारकोड स्कॅनरला गन म्हणतात. असो.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, विस्कॉन्सिनमधली. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘अमेरिकेची दुग्धभूमी’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. साहजिकच आइस्क्रीम आणि ते ठेवायला शीतगोदामं भरपूर. आत तापमान उणे 29 सेल्सियस. आमच्या जुन्या गन दमल्या होत्या, नव्या निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बारकोडचा पहिला सौदा झाला 26 जून 1974 रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये. माल काय, तर 67 सेंटचं च्युइंगगम. तो स्कॅनर बिचारा काउंटरवर बसून सुखात जगला. गोदामातल्या गनच्या नशिबी मात्र सिमेंटवर आपटणं, धूळ, पाणी आणि थंडी.

मी इंजिनिअरच तो! एक्सेलमध्ये तक्ता मांडला. आयपी 65 आहे का? यातला 6 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, 5 म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. आठ फुटांवरून काँक्रीटवर पडून चालते का? उणे 30 ला चालते का? काचेला हीटर आहे का? हे शेवटचं महत्त्वाचं. गारठलेली गन बाहेरच्या दमट हवेत आणली, की वाफाळत्या चहाच्या कपावर वाकल्यावर चष्म्याचं होतं तसं तिच्या काचेचं होतं, आणि धुरकट काचेतून बारकोड वाचता येत नाही. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटऱ्याही धरल्या. सगळ्या रकान्यांत ‘हो’ आलेल्या मॉडेलच्या चाळीस गन मागवल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

आठवड्याभराने आत गेलो. पन्नाशीच्या एक मेक्सिकन बाई खोकी भरत होत्या. दर खेपेला उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढायच्या, बटण दाबायच्या, पुन्हा मोजा घालायच्या. असं एका पाळीत शेकडो वेळा. बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, “मिहो, तुझं बटण फार छोटं आहे रे.” मिहो म्हणजे आपल्याकडचं ‘बाळा’. त्या हसण्याने मला जास्तच लाज वाटली. माझ्या तक्त्यात धूळ होती, पाणी होतं, काँक्रीट होतं. हातमोजा नव्हता.

रात्रभर झोप नाही. चाळीस गनचे पैसे गेलेले, आणि चूक माझी. गप्प बसलो असतो तर कुणी विचारणारही नव्हतं, कारण गन ‘चालत’ होत्या. सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले, मग म्हणाले, “त्या बाईंना कुठली हवी आहे?”

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. मग तीन कंपन्यांचे नमुने मागवले आणि कामगारांना आठवडाभर वापरायला दिले. मोज्यासकट, बर्फ धरलेल्या आपल्याच लेबलांवर, रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यापर्यंत. निवडून आली ती पिस्तुलासारखी मूठ आणि चांगला रुंद घोडा असलेली. महाग होती. आधीच्या गन काही परत गेल्या, बाकीच्या पॅकिंगच्या उबदार खोलीत लावल्या. तिथे त्या उत्तम चालल्या.

उद्या चाकणला किंवा वाळूजला तुमच्यावर असं काम पडलं, तर तक्ता जरूर करा. आयपी आणि उंचीचे आकडे खोटे नसतात. पण ते गन किती टिकेल एवढंच सांगतात. ती धरणाऱ्या माणसाचं काय, ते त्याच्या शेजारी एक अख्खी पाळी उभं राहिल्यावरच कळतं.

बाई पुढे निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर आपले जुने हातमोजे ठेवून गेल्या. अजून आहेत. नवं काही निवडायचं असलं, की आधी ते हातात चढवतो.