घटकेचे पाणी आणि आठवड्याचे पाणी : बालाघाटातून राक्षसभुवनकडे

१.
राक्षसभुवनची लढाई बहुतेक पुस्तकांत चार ओळींत आटोपते. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या दक्षिण तीरावर मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला, दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला आणि निजाम अली उत्तर तीरावरून आपल्या सैन्याचा नाश पाहत राहिला. यातला शेवटचा भाग मला पुष्कळ दिवस खटकत होता. हाताशी फौज असताना एक सत्ताधीश केवळ मध्ये पाणी आहे म्हणून पाहत राहतो, हे कसे? आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आणि त्यासाठी बीड जिल्ह्यात पायी काढलेल्या पाच दिवसांविषयी आहे.

२.
आधी पार्श्वभूमी. पानिपतानंतर मराठी सत्ता खिळखिळी झाली आहे, असे मानून निजाम अलीने १७६३ च्या उन्हाळ्यात पुणे लुटले. माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी त्याच्याशी पुण्यात झुंजण्याऐवजी त्याच्याच मुलखात धुमाकूळ घातला. पावसाळा लागला तसा निजाम छावणीसाठी औरंगाबादेकडे निघाला. वाटेत गोदावरी होती. तो स्वतः काही फौजेसह पार झाला. विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडेच राहिला. निजामाच्या बाजूला गेलेले जानोजी भोसले ३२ लाखांच्या मुलखाच्या आश्वासनावर आधीच फुटले होते. मराठ्यांनी नेमकी ही वेळ साधली. लढाईत राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा त्यांना सोडवणाऱ्या पेशव्याचे वय अवघे १८ वर्षांचे होते.

३.
त्या काळी पावसाळ्यात लढाया सहसा होत नसत. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि मृगाच्या सुमारास छावणीला परतायचे, हा शिरस्ता केवळ धार्मिक नव्हता. मराठवाड्याच्या काळ्या मातीत दोन दिवस पाऊस झाला की तोफेचे चाक रुतते, बैल बसतो आणि दाणावैरण मागे राहते. हे आम्ही वाचलेले होते. ते पायाखाली अनुभवावे म्हणून आम्ही चौघा मित्रांनी पैज घेतली की, ६ ऑगस्टला सौताड्याहून निघायचे, बालाघाटाच्या माथ्याने चालत बीडला उतरायचे आणि लढाईच्या तारखेला राक्षसभुवन गाठायचे. अट एकच होती, वाहनात बसायचे नाही.

४.
‘बालाघाट’ या नावात ‘बाला’ म्हणजे वरचा. मोगली कागदपत्रांत दख्खनचे बालाघाट आणि पायीनघाट असे दोन भाग येतात. बीडमध्ये आजही घाटावरची गावे आणि गोदाकाठची गंगथडी असा भेद बोलण्यात आहे. पाटोदा तालुक्यातला हा माथा म्हणजे पाण्याची फाळणी आहे. सौताड्याला कड्यावरून कोसळणारी विंचरणा सीनेला मिळते आणि तिचे पाणी भीमेमार्गे कृष्णेत जाते. त्याच तालुक्यात गवखडीच्या पठारावर उगम पावणारी मांजरा लातूर, बीदरकडे मोठा वळसा घेऊन तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीत शिरते. उत्तरेकडे उतरणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मंजरथला गोदावरीला. एकाच सरीचे तीन थेंब तीन वाटांनी जातात.

५.
या माथ्याला सैन्यांची सवय जुनी आहे. बंडखोर खानजहान लोदीचा पाठलाग करत मोगल सरदार आझमखान १६३० मध्ये बीडच्या परिसरात आला आणि १६३१ च्या आरंभी त्याने पूर्वेकडचा धारूरचा किल्ला घेतला. तीन बाजूंनी खोल दऱ्या असलेला तो किल्ला म्हणजे या डोंगररांगेचे कुलूपच. तो काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा होता. पुढे मार्च १७९५ मध्ये निजामाची फौज याच रांगेच्या पश्चिम टोकाला मोहरीच्या घाटाने खाली उतरली आणि खर्ड्याला कोंडली गेली. तिथे तिचा घसा पाण्यावाचून कोरडा पडला. म्हणजे एका निजामी फौजेला पाण्याने अडवले आणि दुसरीला पाणी नसण्याने.

६.
पहिले दोन दिवस पाऊस रिमझिम होता, पण थांबत नव्हता. धुक्यात समोरचा माणूस सावलीसारखा दिसे. बुटाला चिकटलेली माती शेराशेराने वाढत जाई आणि दर शंभर पावलांवर ती काठीने खरवडावी लागे. उतारांवर सीताफळीची झाडे हिरव्या फळांनी लगडली होती. आमचा वेग ताशी दोन किलोमीटरांवर आला. पाठीवर फक्त पिशव्या असताना आमची ही गत झाली, तर तोफा, तंबू आणि बुणगे घेऊन निघालेल्या फौजेचे काय होत असेल, हे मग कोणी सांगावे लागले नाही.

७.
तिसऱ्या दिवशी दुपारी मांजरसुंब्याच्या अलीकडे एक ओढा आडवा आला. पाणी घोट्याइतके होते. पुढचे दोघे सहज पार झाले. मी मागच्या मित्राबरोबर होतो. त्याला दम्याचा त्रास असल्याने तो हळू चालत होता आणि ओझे नको म्हणून त्याची पिशवी पुढच्या मित्राने घेतली होती. दम्याचा पंप त्याच पिशवीत होता. आम्ही काठावर येईपर्यंत वरच्या अंगाने आवाज आला आणि पाणी तांबडे झाले. बघता बघता ते गुडघ्यावर आणि मग कमरेवर गेले. याच वेळी ओल्या हवेने मित्राचा दम लागला. पलीकडचा मित्र बूट काढून पाण्यात उतरू लागला.

८.
त्याला थांबवले ते आमच्या बाजूच्या आखाड्यावरून धावत आलेल्या एका वृद्ध शेतकरीबाबांनी. “थांबा की रं पोरांनो! घटकाभराचं पाणी हाय ह्ये, उतरंल.” त्यांनी मित्राला आखाड्यात कोरड्या जागी पुढे वाकवून बसवले, घोंगडी दिली, कोरा चहा केला. मी त्याचे श्वास मोजत होतो. बोलताना त्याला एका वाक्यात तीनदा थांबावे लागत होते. पंप आमच्यापासून तीस पावलांवर होता आणि तो दिसत असूनही हाती येत नव्हता. उगाच काही बोलायचे म्हणून मी म्हणालो, “बाबा, हवा फारच खराब आहे.” ते म्हणाले, “खराब कशी म्हन्ता? औंदा असा लागून पाऊस आत्ता पडायलाय.” मी गप्प बसलो. दुष्काळाने ज्याची नोंद जगभर झाली, त्या जिल्ह्यात मी पावसाला नावे ठेवत होतो.

९.
दोन तासांनी पाणी खरोखर उतरले. दगड दिसू लागताच पलीकडचा मित्र पिशवी घेऊन आला. पंप घेतल्यावर थोड्या वेळाने दम्याची घरघर कमी झाली. संध्याकाळी आम्ही मांजरसुंब्याला डॉक्टरांकडे गेलो. तिथून मित्राने एस.टी.ने पुढे जावे असे ठरले आणि त्या क्षणी पैजेची अट कोणालाही आठवली नाही. उरलेले तिघे कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीशी थांबून बीडला उतरलो. पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर आणि निजामशाही काळात भुयारी कालव्यांनी बांधलेली खजाना विहीर पाहिली. पाण्याची इतकी कदर करणारी वास्तुकला पाण्याचा तुटवडा सोसलेल्या मुलखातच जन्मते, हे तेव्हा नीट कळले.

१०.
आता मूळ प्रश्न. डोंगरातला ओढा लवकर चढतो आणि लवकर उतरतो, कारण त्याचे पाणलोट लहान आणि माती पातळ असते. खालचा काळा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. शेतकरीबाबांचे ज्ञान अचूक होते. पण गोदावरीचा पूर निराळा आहे. तो बीडच्या पावसाने येत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, नाशिक आणि त्र्यंबकच्या अंगाला धो धो पाऊस झाला की तो शेकडो किलोमीटर वाहत येतो. राक्षसभुवनला आकाश मोकळे असतानाही नदी दुथडी असू शकते आणि ती दिवसचे दिवस उतरत नाही. ओढ्याचे पाणी घटकेचे, गंगेचे पाणी आठवड्याचे.

११.
हा फरक लक्षात घेतला की निजामाची स्थिती उलगडते. त्याच्यापुढे दोन तास थांबण्याचा पर्याय नव्हता. अर्धी फौज पार झाल्यावर पूर आला की ती अर्धी फौज त्या दिवसापुरती अस्तित्वातच नसते. मराठ्यांनी निजामाच्या पूर्ण सैन्याशी लढाई दिलीच नाही; नदीने वेगळ्या काढलेल्या भागाशी दिली. माधवरावांचे श्रेय यात कमी होत नाही, उलट वाढते. तो दिवस कोणता, हे त्यांनी ओळखले. पुढच्याच महिन्यात तह झाला आणि सुमारे ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला.

१२.
१० ऑगस्टला आम्ही राक्षसभुवनला पोहोचलो तेव्हा आमचा मित्र शनिमंदिराजवळ आमच्या आधी येऊन बसला होता. नदी संथ होती. वर पैठणला १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडीचे धरण आज सह्याद्रीचे पाणी अडवून धरते, त्यामुळे १७६३ ची गोदावरी तिथे उभे राहूनही दिसत नाही. ती अनुमानाने पाहावी लागते.

१३.
म्हणून एक विनंती. आपल्या तालुक्यातली एखादी लढाई वाचताना तारखेबरोबर महिना पाहा, महिन्याबरोबर नदी पाहा आणि त्या नदीचे पाणी कुठून येते ते विचारा. बखरीत जे लिहिलेले नसते, ते कधी कधी एखाद्या शेतकऱ्याला ठाऊक असते. पावसाळ्यात जाणार असाल, तर त्याने थांबा म्हटल्यावर थांबा. आणि औषधाची पिशवी ज्याची त्याच्याच खांद्यावर असू द्या.