मुतालकी

मधुमेह म्हटला की आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला आणि पंगतीत जिलबीला कधी नाही न म्हणणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे ऐन तिशीतली, मूळचीच सडसडीत, पाहता पाहता अधिकच वाळलेली आणि रात्रीतून अनेकदा तांब्याकडे हात नेणारी स्त्री या व्याधीने ग्रस्त असेल, हे कोणाच्या चटकन ध्यानात येत नाही. माझ्या पत्नीचे तसेच झाले. शरीराच्याच संरक्षक यंत्रणेने स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी परक्या समजून नष्ट कराव्यात, यात गोड खाण्याचा अपराध कोठेच नाही; तरीही समाचाराला येणारे आप्तेष्ट कारल्याच्या रसाची शिफारस घेऊनच उंबरठा ओलांडतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन बाहेरूनच घ्यावे लागते आणि ते एक दिवसही तहकूब ठेवता येत नाही, हे साधे सत्य प्रत्येकाला शांतपणे सांगत राहण्याचे काम मी आपण होऊन पत्करले, कारण आजाराबरोबर आजाराचा खुलासाही तिनेच का करावा?

पुढे शिकावे लागले ते पुष्कळ. मिलिलिटरमागे चाळीस युनिटांच्या कुपीला लाल टोपणाचीच सिरिंज हवी, नाहीतर मात्रा चुकते. पोट, मांडी, दंड अशी जागा पालटत राहिले नाही तर कातडीखाली गाठी धरतात. एका लहान पोळीत सुमारे 15 ग्रॅम कर्बोदके असतात आणि भाताचा हिशेब निराळा मांडावा लागतो. पण खरी परीक्षा साखर उतरते तेव्हाची. एका रात्री तिच्या कपाळावर घाम डवरला होता, बोटे कापत होती, आणि ‘काही नको, झोपू दे मला’ हे ती इतक्या परक्या, त्रासिक स्वरात म्हणाली की यंत्राने 52 हा आकडा दाखवण्यापूर्वीच मला उमगले. ग्लुकोजची भुकटी तीन चमचे पाण्यात ढवळून तिला पाजली आणि पंधरा मिनिटे थांबलो. ते थांबणे फार कठीण. भयापोटी दुसरा पेला, तिसरा पेला पुढे करावासा वाटतो, आणि मग पहाटे तीच साखर तीनशेच्या पलीकडे गेलेली आढळते. पुन्हा तपासले तेव्हा 84 होती. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचे नसते, त्यासाठी ग्लुकागॉनचे इंजेक्शन असते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.)

या विद्येत एक भय दडलेले आहे: ती अंगी मुरली की जोडीदाराला अंमल गाजवण्याचा मोह होतो. ताटातल्या प्रत्येक घासाची तपासणी आणि प्रत्येक आकड्याचा जाब सुरू झाला की प्रेमाला जप्तीचे स्वरूप येते, आणि सुई जिच्या कातडीत शिरते तीच स्वतःच्या घरात आरोपी ठरते. पेशवाईत मूळ अधिकाऱ्याच्या नावाने कारभार पाहणारा मुतालिक असे. सारी माहिती त्याच्याजवळ, परंतु अधिकार दुसऱ्याचा. माझी नेमणूक तेवढीच आहे, आणि ती मला मनापासून मान्य आहे.

अंमल गाजवण्याचा मोह झालाच, तर मला एव्हा आणि व्हिक्टर सॅक्स्ल हे दांपत्य आठवते. नाझींच्या भयाने प्रागहून शांघायला आश्रयास गेलेल्या एव्हाला तेथेच हा विकार जडला, आणि 1941 च्या अखेरीस जपानने सारे शहर ताब्यात घेतल्यावर इन्शुलिन दुर्मिळ झाले. व्हिक्टर वस्त्रोद्योगातला अभियंता. वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. तरी त्या दोघांनी वैद्यकाचा ग्रंथ पुढ्यात ठेवून म्हशींच्या स्वादुपिंडांपासून इन्शुलिन काढले आणि सशांवर त्याची शक्ती अजमावली. ते तपकिरी द्रव्य प्रथम टोचून घेतले एव्हाने, आणि त्यानंतर ते शहरातल्या इतर रुग्णांनाही मिळाले. एव्हा 2002 पर्यंत जगली. व्हिक्टरच्या धैर्याइतकेच मला हे मोलाचे वाटते की त्या उद्योगात ती केवळ रुग्ण म्हणून अंथरुणावर नव्हती, त्याच्या बरोबरीने उभी होती.

दिवाळीत आम्ही कोकणात जाणार आहोत. उन्हात तापलेल्या गाडीत कुप्या राहू नयेत, त्या दोन निरनिराळ्या पिशव्यांत विभागलेल्या असाव्यात आणि ग्लुकोज हाताशी असावे, एवढा बंदोबस्त माझ्याकडे आहे. करंजी किती आणि त्यासाठी युनिटे किती, ते तिचे ती ठरवील.