जर्मनीला एक वर्ष जायचंय, पण सिकलसेल आहे!



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हरसूलचा पाऊस, दवाखान्यात ओल्या छत्र्यांची गर्दी. एक मुलगी वडिलांबरोबर आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय १९, बारावी झालेली, लहानपणापासून माझ्याकडेच येणारी. तिनं एक फॉर्म पुढे केला.

"काका, फक्त सही हवीय. तब्येत चांगली आहे असं लिहायचं."

फॉर्म जर्मनीचा होता. तिथे 'स्वयंसेवी सामाजिक वर्ष' नावाची योजना आहे, त्याचा कायदा १९६४ पासूनचा. २७ वर्षांच्या आतल्या मुलामुलींनी साधारण वर्षभर रुग्णालयात, बालवाडीत किंवा वृद्धाश्रमात काम करायचं. पगार नाही, पण हातखर्चाला पैसे मिळतात, तिथला आरोग्य विमा मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी राहण्याची सोयही होते. ही पोर नाशिकला मावशीकडे राहून जर्मन शिकली होती आणि तिला स्टुटगार्टच्या एका रुग्णालयात जागा मिळाली होती. स्टुटगार्ट म्हणजे १९६८ पासूनचं मुंबईचं भगिनी शहर. पुढे नर्सिंग करायचं, त्याआधी एक वर्ष जग बघायचं, असा तिचा बेत.

आमच्या वेळी शिक्षणात एक वर्ष 'गॅप' पडणं म्हणजे घराण्याला बट्टा! त्यामुळे मला कौतुकच वाटलं. मी पेन काढला. सही करण्याआधी सवयीनं खालची पापणी ओढून पाहिली. फिकट. डोळ्यांत हलका पिवळेपणा. मग तिचा जुना केसपेपर काढला. दर हिवाळ्यात हातपाय दुखणं, दोनदा कावीळसदृश लक्षणं, आणि प्रत्येक वेळी माझ्याच अक्षरात 'वाढीचं दुखणं' आणि कॅल्शियमच्या गोळ्या.

मित्रहो, चूक माझी होती. आदिवासी पट्ट्यात वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करून मी तिची सिकलसेलची तपासणी केली नव्हती.

सिकलसेल म्हणजे काय?

आपल्या लाल रक्तपेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच वेगळी असते. ऑक्सिजन कमी पडला की या पेशी ताठ होऊन विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि त्या भागाला असह्य वेदना होतात. आई-वडील दोघांकडून हा गुण आला तर 'एसएस', म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. साधी सोल्युबिलिटी चाचणी एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. एएस की एसएस हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते.

तिचा रिपोर्ट आला: एसएस.

वडील गप्प बसले. मग म्हणाले, "मग नको साहेब. हितंच राहू दे. लगीन करून टाकू."

खरं सांगतो, मलाही सुटल्यासारखं वाटलं. थंडी हे या आजारातल्या वेदनेचं एक मोठं कारण, आणि जर्मनीचा हिवाळा म्हणजे शून्याखाली. 'नको' म्हणणं सोपं होतं.

तेवढ्यात तिनं विचारलं, "काका, हितं राहिले तर आजार जाईल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे राहिली तर ती घरच्यांबरोबर द्राक्षबागांच्या कामावर जाणार. पहाटेची बोचरी थंडी, दिवसभर उभं राहणं, पाणी कमी पिणं, दुखलं तर अंगावर काढणं. धोका इथेही होताच, फक्त आमच्या सवयीचा होता.

त्या रात्री मला वॉल्टर क्लेमंट नोएल आठवला. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचा हा तरुण १९०४ मध्ये दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला आणि त्याच हिवाळ्यात रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात दिसलेल्या विळ्यासारख्या पेशींबद्दल डॉ. हेरिक यांनी १९१० मध्ये लेख लिहिला. सिकलसेलचं वैद्यकशास्त्रातलं हे पहिलं सविस्तर वर्णन! म्हणजे या आजाराची पहिली नोंदच मुळी शिकायला परदेशी गेलेल्या मुलाची आहे. नोएल आजारपणं सोसत पदवी घेऊन घरी परतला, त्यानं दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, ३२ व्या वर्षी, न्यूमोनियानं गेला. त्या काळी ना प्रतिजैविकं होती, ना न्यूमोनियाची आजची लस, ना हायड्रॉक्सियुरिया. आज हे सगळं आहे.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांना म्हटलं, "जाऊ दे तिला. पण यंदा नाही, पुढच्या वर्षी."

त्या वर्षभरात आम्ही काय केलं?

तुमच्याही घरातलं कुणी असं बाहेर निघालं असेल तर यातलं बरंच उपयोगी पडेल.

१. नाशिकच्या रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड सुरू केलं. या औषधावर असताना रक्ततपासणी ठरावीक काळानं करावीच लागते. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

२. लसी: न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल, फ्लू आणि हिपॅटायटिस बी. सिकलसेलमध्ये प्लीहेचं काम मंदावतं, म्हणून पहिल्या दोन फार महत्त्वाच्या. शिवाय जर्मनीत १ मार्च २०२० पासून रुग्णालयात काम करणाऱ्यांना गोवर प्रतिबंधाचा पुरावा द्यावा लागतो.

३. विमानात पाणी पीत राहायचं, दर तासाला उठून चार पावलं चालायचं.

४. औषधं स्वतःपुरती तीन महिन्यांची न्यायची, सोबत प्रिस्क्रिप्शन, त्यावर औषधाचं मूळ नाव. पुढची तिथल्या डॉक्टरांकडून घ्यायची.

५. ड जीवनसत्त्व: तिथे ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरपं असतं की कातडीत ते पुरेसं तयार होत नाही. आपल्या सावळ्या कातडीत तर आणखी कमी.

६. लपवायचं नाही. तिथल्या कामाच्या ठिकाणच्या डॉक्टरला सगळं सांगायचं. आजाराचं नाव तो मालकाला सांगू शकत नाही, पण काम झेपेल असं ठरवायला मदत करतो.

७. पाकिटात कायम एक चिठ्ठी. त्यात निदान, नेहमीचं हिमोग्लोबिन, औषधं आणि रक्तगट. ही चिठ्ठी मी इंग्रजीत लिहिली, तिनं स्वतः जर्मनमध्ये केली. मागच्या बाजूला दोन नंबर: तातडीसाठी ११२, रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

८. एक नियम पाठ करून घेतला: ताप ३८.५ च्या वर, छातीत दुखणं किंवा धाप, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पुढच्या सप्टेंबरला ती गेली. सोबत नागलीचं पीठ आणि आईनं शिवलेली गोधडी.

फेब्रुवारीत मध्यरात्री फोन आला. "काका, ताप आहे. छातीत दुखतंय. जाऊ का?"

"आधी फोन ठेव आणि ११२ लाव."

मी पहाटेपर्यंत जागा होतो. आपण सही केली नसती तर, हा एकच विचार. सकाळी तिचा मेसेज आला: दाखल केलंय, ऑक्सिजन आणि प्रतिजैविकं चालू आहेत. चिठ्ठी पाहून तिथल्या डॉक्टरनी एक शब्द जास्त विचारला नाही म्हणे. जर्मनीत ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक नवजात बाळाची सिकलसेल तपासणी करतात, तेव्हा हा आजार तिथे आता अनोळखी नाही. आठ दिवसांनी ती घरी, म्हणजे हॉस्टेलवर, गेली. वर्ष पूर्ण करूनच परतली.

आता ती नर्सिंग करतेय. मागच्या महिन्यात सुट्टीत आली तेव्हा माझ्या दवाखान्यात बसून तिनं आलेल्या आयाबायांना त्यांच्याच बोलीत सिकलसेल समजावला. माझ्या वीस वर्षांच्या भाषणांपेक्षा बरा!

तुमच्या घरात कुणाचे हिवाळ्यात हातपाय दुखत असतील, रक्त सतत कमी असेल, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. आणि रिपोर्ट आला म्हणून मुलांची स्वप्नं लगेच कपाटात ठेवू नका. आधी डॉक्टरांना विचारा, "जायचं तर कसं जायचं?"

काळजी घ्या.