आधी गेनिचिरो, मग इश्शिन

‘सेकिरो’ या २०१९च्या गेममधला शेवटचा बॉस म्हणजे इश्शिन. त्याच्या हातून मेलं की लगेच पुन्हा त्याच्याशी भिडता येत नाही. आधी त्याचा नातू गेनिचिरो उभा. किल्ल्याच्या माथ्यावर ज्याला कधीच हरवलंय, त्याला दरवेळी नव्याने हरवायचं.

गेनिचिरो हवेत झेप घेऊन वरून वार करतो. तो अडवला, की लाल जपानी अक्षर चमकतं. पुढे एकतर सरळ भोसकणं येतं, नाहीतर पायांवर आडवा फटका. अक्षर दोन्हींना तेच, म्हणून नजर तलवारीच्या टोकावर ठेवायची: भोसकायला आला तर पुढे घुसून पात्यावर पाय द्यायचा, आडवा आला तर उडी. हे अंगठ्यात इतकं मुरलंय की मन तिथे थांबत नाही, इश्शिनकडे धावतं. आणि नेमका तिथेच वार बसतो. मग औषधाच्या तुंबडीतला घोट घ्यावा लागतो. तुंबडीत जास्तीत जास्त १० घोट, आणि मध्ये ती पुन्हा भरत नाही. इथे गेलेला घोट इश्शिनसमोर कमी पडतो.

इश्शिनचे तीन फेज. दुसऱ्यात तो भाला काढतो, आणि मला शिकायचा असतो तो भालाच. त्यासाठी आधी गेनिचिरो, मग तलवारवाला इश्शिन. एवढं करून भाला दिसतो काही सेकंद, की मी आडवा. जे येतं त्यात सगळा वेळ जातो, जे येत नाही ते हाताला लागतच नाही. अडलेली तान गवई सुटी काढून घोटतो. तिच्यासाठी दरवेळी विलंबितापासून ख्याल मांडत नाही.

गेनिचिरो तिथे असण्याला कारण आहे, आणि ते मला फार आवडतं. ही लढाई होते त्याच गवताळ माळावर गेमच्या सुरुवातीला त्याने आपल्या नायकाचा हात तोडलेला असतो. तिथेच तो सहज पडतो, तेव्हा आपण कुठवर आलो ते कळतं. पण ते पहिल्या वेळी कळतं. नंतर उरते ती फक्त वाट अडवणं.

२०२०च्या अपडेटने बॉसशी सुटं लढायची सोय दिली, पण हरवलेल्याच बॉसशी. गरज असते हरवण्याआधी. भाल्यापर्यंत पोचलेल्याला भाल्यापासून सराव करू द्यावा. शेवटची खरी लढाई मात्र गेनिचिरोपासूनच जिंकायची, ही अट मला मनापासून मान्य आहे.